तीन सुताची पट्टी

बाबा, तुम्ही केलेल्या सागाच्या बाहुलीघराचा नकाशा अखेर काढला. लग्नात मी ते आरमोरीहून गादीत गुंडाळून आणलं होतं. मग बदली होईल तसं ते गडचिरोली, अहेरी आणि आता चंद्रपूर असं माझ्यासोबत फिरलं. कचेरीत मी जन्मभर पुलांचे नि दवाखान्यांचे नकाशे काढले, पण घरातल्या या घराला कधी फूटपट्टी लावली नाही. तुमच्या कामाचं माप घ्यायचं म्हणजे आगाऊपणा वाटायचा.

तुम्हाला ठाऊक नाही, त्या एका घरापासून माझं वेड किती वाढलंय. काचेचं एक अख्खं कपाट भरलंय. बोटभर मुसळ, सुपारीएवढं जातं, चिंचोक्याएवढे पितळी गडवे, मुठीत मावेल अशी धान साठवायची ढोली. कुठल्या कुठल्या देशांतल्या बाहुलीघरांचे नकाशे तीन फायलींत लावून ठेवलेत. अहेरीच्या बाजारात सुपं-टोपल्या विकणाऱ्या एका बाईंना मी नखाएवढं सूप विणायला सांगितलं, तर त्या माझ्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. "यात काय पाखडता बाई? मुंगीचे धान?" म्हणाल्या. पण पुढच्या बाजाराला सूप, टोपली आणि झाडणी असा संचच घेऊन आल्या. तुमचे जावई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माणसायले प्लॉट भेटून नाई राह्यले, अन् आमच्या बाई बाहुल्यायले घरं वाटून राह्यल्या." पण पाहुणे आले की कपाटातला दिवा लावायला तेच आधी धावतात.

हे सगळं सुरू झालं तान्ह्या पोळ्यामुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापला लाकडी नंदी घेऊन दारोदार मिरवणार, म्हणून महिनाभर आधीच आपली पडवी नंद्यांनी भरून जायची. मी अकरा वर्षांची आहे आणि माझ्या नंदीला गोठा हवा म्हणून अडून बसले आहे. तुम्ही रंधा न थांबवता विचारता, "लाकडाच्या बैलाले थंडी वाजते काय वं?" तरी गोठा होतो. मग गोठ्याशेजारी घर हवं, तेही आपल्याच घरासारखं. तुम्ही कपाळाला हात लावता आणि उरलेले सागाचे तुकडे निवडायला बसता. त्याच दिवसांत मी एका पाटाची पट्टी नुसती डोळ्यांनी पाहून कापली, तर तुम्ही ती हातातून घेतली आणि सरळ चुलीत घातली. "सुताराची पोरगी हायेस अन् अंदाजानं कापून राह्यली? एक सूत चुकलं म्हणजे चुकलंच." इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत, आणि तेवढ्यासाठी माझी पट्टी जळली. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

तरी घराच्या भिंती नि चौकटी उभ्या केल्यावर दोन्ही दारं तुम्ही माझ्यावर सोपवलीत. "फुटाचा इंच धर," एवढंच सांगितलंत आणि दारं ज्यांवर फिरतील ते बारीक कब्जे शोधायला वडशाला गेलात. मी आपल्या खऱ्या दाराला तुमची घडीची फूटपट्टी लावली. उंची पाच फूट नऊ इंच. दिवसभर खपून दोन दारं कापली, काचकागदाने घासली, तुमच्या बैठकीवर मांडून ठेवली. दिवेलागणीला तुम्ही आलात. एक दार उचललंत, पट्टी लावलीत, चौकटीकडे पाहिलंत. आता हेही चुलीत जाणार म्हणून मी श्वास धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, "कागद मार अजून थोडा." पुढचे दोन दिवस तुम्ही त्या घराला कोणालाच हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी दारं बसली होती, उघडत होती, मिटत होती. तान्ह्या पोळ्याला मी गल्लीभर सांगत फिरले, "दरवाजे म्या केले!"

आता माझ्यासारख्याच वेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथल्या एकीने या घराचा नकाशा मागितला, म्हणून माप घ्यायला बसले. दार भरलं सहा इंच एक सूत. हवं होतं पाच इंच सहा सूत. तीन सूत जास्त! पुन्हा मोजलं, तेच. दारं मी कापली होती, पण ती तुमच्या चौकटींत चपखल बसली होती, म्हणजे मूळ माप तुमचंच चुकलेलं, असं मी धरून चालले. मी ग्रुपवर टाकलं, "घर माझ्या बाबांच्या हातचं, दाराचं माप तेवढं त्यांच्याकडून चुकलंय." हसरे चेहरे धडाधड आले. कोणी म्हणालं, "नकाशात दुरुस्त करून घ्या ताई." तुमच्या जावयांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तुयात आलं ते उगीच नाई." कचेरीतही दोघांतिघांना सांगून झालं.

दुरुस्तीला बसायला पंधरा दिवस लागले. खिडक्या मोजल्या, चोख. ओटा चोख, बाज चोख. बाकी सगळं बरोबर, फक्त दारं चुकलेली. आणि भिंतींच्या डोक्यावर चारही बाजूंनी एक बारीक पट्टी फिरवलेली, जी मी आजवर नक्षी समजत होते. तिला फूटपट्टी लावली. तीन सूत.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. फुटाचा इंच, तर इंचाचं सूत, हे गणित मी माझ्या मनानेच केलं होतं. आपल्या घरात फूट, इंच, सूत एवढीच मापं. इंचाखाली सूतच येणार, दुसरं काय येणार! पण फुटात इंच बारा आणि इंचात सूत आठ. नऊ इंचांसाठी मी नऊ सूत धरलं. रुंदीतही तेच केलं. आणि तुम्ही, एका सुतासाठी पट्टी जाळणारे तुम्ही, माझी दारं मोडली नाहीत. स्वतःच्या दोन चोख चौकटी काढून टाकल्यात, नव्या मोठ्या केल्यात, दारं वर लागतील म्हणून चारही भिंती उंचावल्यात, छप्पर पुन्हा बसवलंत, आणि जन्मात कधी त्याचा उच्चार केला नाहीत. बाबा, मी त्या टेबलाशी बसून खूप रडले, आणि मग त्या पोरीच्या गणिताचं हसूही आलं.

नकाशात दार सहा इंच एक सूतच ठेवलंय, वरची पट्टीही तशीच काढली आहे. ग्रुपवर लिहिलं की चूक माझी होती, बाबांनी तिच्यासाठी घर उंच केलं. हे पत्र मात्र नकाशांच्या फायलीतच राहील. तुम्हाला आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी ते आईकडून वाचून घेतलं असतं, आणि पुढचं मला तिच्यादेखत सांगायचं नाही. ग्रुपवर सगळं खरं लिहिलं, पण एक गोष्ट नाही लिहिली. ते पंधरा दिवस, चूक तुमची आहे असं वाटत होतं ना, तेव्हा मी फार खुशीत होते.