निअर म्हणजे किती जवळ

२ फेब्रुवारी, रविवार
आजची भेट उत्तम. मुलगी उत्तम. मीही उत्तम. नेहमीप्रमाणे दोन बस बदलून तिच्या इमारतीखाली जाऊन उभा राहिलो, ती खाली आली, मग आम्ही तिसरी बस पकडली. नदीकाठच्या बागेत जायचं होतं. तिने खिडकी घेतली. परीक्षेत काय आलं, कोणत्या मैत्रिणीने कोणाशी बोलणं टाकलं, सगळं सांगितलं आणि मग माझ्या खांद्यावर झोपून गेली. बागेचा थांबा आला. उठवलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो.
म्हणजे अख्खा रविवार प्रवासात वाया. हे काही खरं नाही. उपाय शोधणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामात एन अक्षर लागलं. आज माझ्याकडे तपासायला 'निअर' आला आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. आपण समजतो निअर म्हणजे जवळ. साफ चूक! मूळ शब्द 'नाय'. स्पेलिंग एन-आय-जी-एच, शेवटची दोन अक्षरं मुकी. नाय म्हणजे जवळ. निअर हे त्याचं तुलनेचं रूप, म्हणजे अधिक जवळ. आणि सगळ्यात जवळ तो नेक्स्ट. पुढे लोक हे विसरले, अधिक जवळ हाच नुसता जवळ झाला, आणि मग त्याला आणखी एक शेपूट जोडून 'निअरर' केला. जवळतरतर!
संपादकबाईंना धावत जाऊन सांगितलं. म्हणाल्या, छान आहे, पण नोंद तीन ओळींत बसवा.
बाईंना खोली कळत नाही. मला कळली. जवळ असणं म्हणजेच आणखी जवळ जाणं. घटस्फोटाला दोन वर्षं झाली आणि मी अजून बसच्या वेळापत्रकात अडकलोय! निर्णय: मुलगी आणि तिची आई राहतात तिथेच जवळ खोली घेणे.

९ फेब्रुवारी, रविवार
मुलीला बसमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा." आनंद झाला की ती कमी बोलते. आईवर गेलीये. थोड्या वेळाने विचारलं, "किती जवळ?" म्हटलं, सरप्राइज.

१ मार्च, शनिवार
शिफ्ट झालो. समोरचीच इमारत! मध्ये फक्त रस्ता. मी तिसऱ्या मजल्यावर, त्या दुसऱ्या. बाल्कनीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. मुलीसाठी अभ्यासाचं टेबल, वाकणारा दिवा आणि खुर्ची घेतली. खुर्ची अंदाजाने.
संध्याकाळी तिच्या आईने मला गादी खांद्यावर घेऊन जिना चढताना पाहिलं. रस्ता ओलांडून जिन्यापाशी आली. मग म्हणाली, "मी आता काही बोलत नाही." म्हणजे हरकत नाही.

२ मार्च, रविवार
मुलगी आली! खुर्ची लहान पडली. गुडघे टेबलाला लागतात. चप्पल काढली नव्हती. चहा निवायच्या आत उठली. म्हटलं, बागेत जायचं ना? तर म्हणाली, "आता काय बाबा, जवळच आहेस. केव्हाही येईन."
केव्हाही! रविवारची अट संपली. योजना यशस्वी.

६ मार्च, गुरुवार
केव्हाही म्हणजे आज नव्हे, असं दिसतं. तिचे क्लास असतात.
ऑम्लेट शिकतोय. चौथं जमलं. चारही मीच खाल्ली.

१३ मार्च, गुरुवार
संकल्प: बाल्कनीत विनाकारण उभं राहायचं नाही. फक्त झाडाला पाणी घालायला जायचं.
झाड आणायला हवं.

१६ मार्च, रविवार
मुलीला मेसेज केला, "येतेस का?" उत्तर आलं, "नाय."
आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, नाय म्हणजे जुन्या इंग्रजीत काय? जवळ! तिला तसं लिहून कळवलं, मुकी अक्षरं वगैरे सगळं. तिने हसणारा चेहरा पाठवला. संवाद चालू आहे.

२४ मार्च, सोमवार
निअरची नोंद दीड पान झाली. जुन्या काळी इंग्रजीत चिक्कू माणसालाही निअर म्हणत. हे नवीनच. तिची आई मला चिक्कू म्हणायची, पण पैशाच्या बाबतीत नव्हे. म्हणायची, तुझ्याकडून एक शब्द सुटत नाही. शब्दकोशाच्या माणसाला असं म्हणणं म्हणजे कमालच. मी तेव्हा काय उत्तर दिलं होतं ते आठवत नाही. बहुतेक दिलं नव्हतं.
संपादकबाईंनी दीड पानावर लाल रेघ मारली. उरल्या तीन ओळी. मूळ वगैरे गेलं. 'निअर: जवळ, नजीक.' मी भांडलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "लोकांना शब्द वापरायचा असतो हो, त्याच्या घरी राहायला जायचं नसतं."

५ एप्रिल, शनिवार
मुलगी आपण होऊन आली! मी घाईने ऑम्लेटचा तवा चढवला. ती म्हणाली, नको, तू बस. तवा उतरवला.
म्हणाली, "बाबा, तू बाल्कनीत उभा असतोस ते माझ्या मैत्रिणींना दिसतं. विचारतात, ते काका कोण?"
मी विचारलं, मग तू काय सांगतेस? ती बॅगेचा पट्टा ओढत बसली. मी म्हटलं, अगं, मी झाडाला पाणी घालत असतो.
"तुझं झाड प्लॅस्टिकचं आहे, बाबा."
मग आम्ही दोघंही हसलो. खूप हसलो. ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "तू बसने यायचास ना, तेच बरं होतं. तेव्हा तू माझ्यासाठी यायचास. आता तू नुसता असतोस."
मुलांना बदल पचायला वेळ लागतो. धीर धरणे.

६ एप्रिल, रविवार
आली नाही. मी बसथांब्यावर जाऊन थोडा वेळ बसलो. सहज.

२० एप्रिल, रविवार
आज चक्क तिची आई आली. पहिल्यांदाच. इकडेतिकडे पाहिलं आणि त्या लहान खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागणार. मी चहा टाकला.
तिला बढती मिळालीये. बदली. दुसऱ्या शहरात. मुलीची परीक्षा संपली की निघणार.
विचारलं, कधी ठरलं? म्हणाली, "जानेवारीत. तुला सांगणारच होते, तेवढ्यात तू सामान घेऊन आलास. गादी घेऊन चढताना तू इतका खूश दिसत होतास... माझ्याने सांगवेना."
मी म्हटलं, तिथेही खोल्या मिळत असतील.
तिने कप खाली ठेवला. "नको रे." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी वाद घातला असता.
मुलीलाही जानेवारीपासून माहीत होतं. बसमध्ये खांद्यावर झोपली तेव्हाही.

११ मे, रविवार
आज त्या गेल्या. मी सकाळीच मदतीला गेलो होतो. खोकी बांधली, वॉशिंग मशीनचा पाइप सोडवला. पुस्तकांच्या खोक्यावर मुलीचं नाव मी लिहिलं. निरोप घाईतच झाला. तिने मिठी मारली तेव्हा तिचं डोकं माझ्या हनुवटीला लागलं. एवढी उंच कधी झाली? फोन करेन म्हणाली. करेल.
पण मनात राहिलंय ते त्याच्या आधीचं. मी जिन्यात उभा होतो, मुलगी दोन पायऱ्या वर, हातात टेबलफॅन. ट्रकवाल्याने तिला विचारलं, "हे साहेब घरचेच ना?"
तिने माझ्याकडे पाहिलं. टेबलफॅन छातीशी घट्ट धरला. डोळे भरून आले. तिला एवढा त्रास कशाला? मीच सांगून टाकलं, "मी समोर राहतो."
"मग जरा बाजूला व्हा, साहेब. कपाट येतंय."
मी बाजूला झालो.