अकरा घरांचे नंबर

॥ श्री ॥

मेहकर, ता. भालकी
३ जानेवारी २०२५

ती. स्व. शिवशंकर मामांस,
अंजूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येळवशीच्या अमावस्येच्या आदल्या दिवशी पोचलं. फोनवर ऐकू येत न्हाई म्हणून आता पत्रंच लिहायची, असं तुम्ही ठरवलंत खरं, पण मला आंतरदेशीय द्यायला आमच्या पोस्टातल्या बाईंना कपाट उपसावं लागलं. पस्तीस वर्षं पोस्टमास्तर राहिलेला माणूस, तुमचा हट्ट आम्ही न्हाई पुरवायचा तर कुणी?

येळवस शेतातच झाली. भज्जी, आंबील, उंडे, समदं झालं. आईनं तुमच्या नावानं एक पान वाढून ठेवलं होतं, ते व्यंकटदादानं खाल्लं. दादाचं आयटीआय होऊन वर्ष झालं, अजून घरीच हाय. दिवसभर फोनमध्ये तोंड घालून बसतो. अप्पांनी हटकलं की म्हणतो, नोकरीच्या जाहिराती बघायलोय.

आता माझी बातमी. कॉलेजनं आमचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं, फोनवरून पैसे देताना फसायचं कसं न्हाई त्याचं. पैसे घ्यायला पिन लागत न्हाई, पिन टाकला की पैसे जातातच. ज्याला पाठवायचे त्याचं नाव वाचूनच बटण दाबायचं. आणि फसलोच तर लाजत बसायचं न्हाई, घंटाभराच्या आत सायबर पोलिसांच्या १९३० ला फोन लावायचा. मेहकरची जबाबदारी माझ्याकडं दिलीय. गळ्यात घालायला ओळखपत्र बी हाय.

मी पाचला कॉलेजातून येते तवर ओट्यावर चार-पाच जणी फोन पदरात गुंडाळून बसलेल्या असतात. खरं सांगू का मामा, शिकवायला लई वेळ जातो. कुणी चष्मा विसरतं, कुणाचं बोटच लागत न्हाई. म्हणून मीच करून देते. अकरा घरांचे पिन नंबर माझ्याकडं हायत. घरात फळीवर वही असते, तिच्या शेवटच्या पानावर नावाच्या पहिल्या अक्षरासमोर लिहून ठेवलेत. शेजारच्या सावित्रम्माचा फोन तर दिवसभर आमच्याच घरी असतो. तिच्याकडचा लाईटचा बोर्ड जळालाय, म्हणून सकाळी आमच्याकडं चार्जिंगला लावून शेतात जाते आणि दिवेलागणीला नेते. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बारा हजार तिनं हातच न लावता साठवलेत. लेक चिटगुप्प्याला दिलीय, तिला आठवा लागलाय. बाळंतपणाला इकडंच येणार हाय.

अप्पा परवा चारचौघांत म्हणाले, की आमची अंजू म्हणजे गल्लीची बँक. मला लई बरं वाटलं, ते बी लिहिते.

मामीला नमस्कार. पत्र लवकर टाकावं आणि भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
अंजू


॥ श्री ॥

खजुरी, ता. आळंद
१० जानेवारी २०२५

चि. अंजूस,
मामाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र पाच दिवसांनी मिळाले. आमच्या वेळी तीन दिवसांत मिळत असे, पण ते असो. माझ्या कानाचे यंत्र आले आहे. ते घातले की मामीचे बोलणे सोडून बाकी सगळ्या खजुरीचे ऐकू येते. मामी म्हणते, तुम्हाला पाहिजे तेच ऐकायची जुनी खोड आहे, यंत्राला कामून बोल लावायलात.

तुझे काम वाचून समाधान वाटले. एक शंका मात्र आहे. शिबिरात पिन कुणालाच सांगू नये असे शिकवतात, की अंजू सोडून कुणाला सांगू नये असे शिकवतात? तू आठ दिवस तापाने पडलीस तर त्या अकरा घरांनी काय करावे? उद्या तुझे लग्न होऊन तू हुमनाबादला गेलीस तर? तुला वाटेल म्हाताऱ्याला दुसरे काम नाही. तसेच समज, पण वहीचे ते पान फाडून टाक.

कलबुर्गीत माझ्या ओळखीच्या एका डाळ मिलमध्ये काट्यावर माणूस पाहिजे आहे. व्यंकटला म्हणावे, मामाला दोन ओळी लिही.

तुझ्या अप्पांना, किशनरावांना, नमस्कार सांग. आम्ही दोघे बरे आहोत, तुम्ही सगळे बरे असावे, आणखी काय पाहिजे.

तुझा,
शिवशंकरमामा


॥ श्री ॥

मेहकर
२७ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस,
अंजूचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. इकडं बरं न्हाई.

मंगळवारी सावित्रम्मा भालकीला गेली होती. लेकीसाठी औषधं आणि बाळाची दुपटी घ्यायला. दुकानदारानं पैसे घ्यायला बघितलं तर खात्यात पुरते न्हाईत. बारा हजारांतले तीनच उरलेले. सगळा माल परत ठेवून ती बसनं आली आणि स्टँडवरून नीट आमच्या दारात. ओरडली न्हाई. एवढंच म्हणाली, की अंजव्वा, माझा नंबर मला ठावं आणि तुला ठावं, तिसरं कोण हाय ते तूच सांग.

ओट्यावर तवा गल्लीतले हावगेप्पा अण्णा आणि आणखी दोघी होत्या. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर कुणीच येईना. हावगेप्पा अण्णा मला बघून सदऱ्याच्या खिशातला फोन विजारीच्या खिशात घालतात. पिठाच्या गिरणीत आईला एकीनं इचारलं म्हणे, की पोरीला नवीन कपडे घेतलेत का.

गुरुवारी सावित्रम्माला घेऊन बँकेत गेले, खात्याचा कागद काढला. तीन-तीन हजार तीनदा गेलेत. ८, १५ आणि २० तारखेला. तिन्ही बारी दुपारी चार-सव्वाचारला. कोणत्या तरी कंपनीचं इंग्रजी नाव हाय. कोण ते कळंना. तिला वाचता येत न्हाई, म्हणून मी एवढंच सांगितलं की चौकशी करावी लागंल. १९३० ला अजून लावला न्हाई. दोन दिवस रेंज नव्हती, मग राहूनच गेलं.

अप्पा म्हणायलेत, तुरीच्या पैशातून तिचे नऊ हजार देऊन टाकू आणि विषय मिटवू. कुणी घेतले कशाला काढत बसायचं. मला बी तसंच वाटायलंय. तुमचं काय म्हणणं हाय ते लिहा.

वहीचं पान तुमचं पत्र आलं त्या दिवशीच फाडायचं होतं. फाडलं न्हाई.

बाकी ठीक. मामीला नमस्कार. रागावू नका, एवढंच मागणं.

तुमची,
अंजू


॥ श्री ॥

खजुरी
२ फेब्रुवारी २०२५

चि. अंजूस,
मामाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. जे लिहिलेस त्यापेक्षा जे लिहिले नाहीस ते मोठे आहे.

घंटाभरात फोन लावा म्हणून गावाला शिकवणाऱ्या मुलीने सहा दिवस फोन लावला नाही. कामून? तिन्ही वेळा पैसे चारच्या सुमारास गेले. तू पाचला घरी येतेस. तो कागद गल्लीत दाखवला असतास तर तुझ्यावरचा आळ त्याच घटकेला गेला असता. तो तू दाखवला नाहीस. सावित्रम्माचा फोन दिवसभर कुणाच्या घरी असतो आणि तुझी वही कुठे असते, ते तूच मागे लिहिले आहेस. आणि या पूर्ण पत्रात व्यंकटचे नाव नाही.

मी चुकत असेन तर मला शिव्या दे. पण मी चुकत नसावा.

आता मी तुला एक गोष्ट सांगतो. तुझ्या मामीलाही ती माहीत नाही. नोकरीच्या पहिल्या गावात यल्लम्मा नावाची बाई होती. दोन कोस चालून पोस्टात येई. तिची पायपीट वाचावी म्हणून मी पैसे काढायच्या चार कोऱ्या फॉर्मांवर तिचा अंगठा आधीच घेऊन ठेवला आणि पासबुक माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले. ती निरोप पाठवी, मी पैसे पाठवी. लोक म्हणत, असा मास्तर मिळणार नाही. मलाही तुझ्यासारखेच बरे वाटे. तेव्हा माझा चुलतभाऊ नोकरी नाही म्हणून माझ्याकडे राहत होता. त्याने त्यातले दोन फॉर्म भरले आणि माझ्या हाताखालच्या माणसाकडून पैसे उचलले. मला आठ दिवसांनी कळले. यल्लम्मा आली, म्हणाली की मास्तर, पैसे कमी कसे दिसायलेत. मी तिला म्हणालो, बाई, तुझी मोजदाद चुकली असेल.

तिने ते मानले. माझ्या पाया पडून गेली. पुढे बाजारात कुणी हिशोब विचारला की ती म्हणे, मला इचारू नका, मला मोजता येत न्हाई. तिला चांगले मोजता येत होते, अंजू. पैसे मी पुढे गुपचूप भरले. पण तिचे मोजणे मला परत देता आले नाही.

म्हणून किशनरावांना सांग, पैसे जरूर द्यावेत, पण कुणी घेतले ते सांगून द्यावेत, आणि ज्याने घेतले त्याने स्वतः जावे. पोलिसांत जायचे की नाही ते सावित्रम्मा ठरवील. ते ना तू ठरवायचे, ना मी. व्यंकट माझाही भाचा आहे. त्याला मी लहानपणी खांद्यावर घेऊन पोस्टात नेत असे. म्हणूनच लिहितो आहे.

जेवत जा. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
शिवशंकरमामा


कलबुर्गी
१४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांस,
व्यंकटचा शि. सा. न.

तुम्ही सांगितलेल्या डाळ मिलमध्ये काट्यावर लागून चार दिवस झाले. आधी कळवायला पाहिजे होतं, हात उचलंना.

पैसे मीच घेतले. फोनवर पत्त्याचा खेळ हाय, त्यात घातले. पहिल्या बारीला जिंकून परत टाकू म्हणून घेतले, मग गेलेले काढायला म्हणून घेतले, तिसऱ्या बारीला कशाला घेतले ते मलाच सांगता येत न्हाई. अंजी भांडली न्हाई. मी म्हशीची धार काढत होतो, तिनं बँकेचा कागद माझ्यापुढं ठेवला आणि तिथंच बसून राहिली. लोक तिला चोर म्हणायलेत हे मला पंधरा दिवस ऐकू येत होतं, मामा. मी गप्प बसलो. पैसे घेतल्यापेक्षा त्याची जास्त लाज वाटायली.

अप्पांसोबत सावित्रम्माच्या दारात गेलो. तिनं बस म्हटलं न्हाई. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की हे गल्लीत सांग, मला एकटीला सांगून काय उपयोग. तसं हनुमानाच्या कट्ट्यापाशी उभं राहून सांगितलं. बाळंतपण तोंडावर होतं म्हणून अप्पांनी पाच हजार दिले. उरलेले चार आणि अप्पांचे पाच माझ्या पगारातून. पाडव्यापर्यंत चार आले तर पोलिसांकडं जाणार न्हाई, असं तिनंच सांगितलंय. खेळ फोनमधून काढून टाकलाय. काटा बघताना सुपरवायझर माझ्या मागंच उभा असतो. मी म्हणतो, उभा राहू द्या.

आपला,
व्यंकट


॥ श्री ॥

मेहकर
१२ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
अंजूचा सा. न. वि. वि.

सावित्रम्माच्या लेकीला मुलगी झाली. दोघी खुशाल हायत. दादानं दोन हजार पाठवले, ते मीच नेऊन दिले.

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस मी तुमच्यावर लई रागात होते. मग यल्लम्माचं परत वाचलं. तुम्ही मामीला सांगितलंत का? सांगा.

दादा कट्ट्यावर बोलला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी अकरा घरं फिरले. प्रत्येक दारात सांगितलं, की चोरी दादानं केली, पण तुमचे नंबर वहीत मी लिहिले होते, ते चुकलं, आता नंबर बदला आणि मला बी सांगू नका. एकीनं दारातूनच परत लावलं. दोघी म्हणाल्या, नगं बाई, आमची बँकेची रांग बरी. त्यांना आग्रह केला न्हाई. बाकीच्या शिकायलेत. हावगेप्पा अण्णांनी नवा नंबर टाकला आणि आनंदानं माझ्या गाडीचाच नंबर टाकलाय बघ, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. त्यांना परत बदलायला लावला. आता ते माझ्यावर रुसलेत.

शिकवायला खरंच लई वेळ लागतो. एका बाईला नाव वाचायला चार दिवस लागले. पण परवा तिला कुणाचा तरी फोन आला, की तुमचं बक्षीस लागलंय, पैसे घ्यायला पिन टाका. तिनं त्याला विचारलं म्हणे, की घ्यायला पिन कामून लागंल रे बाबा, आणि फोन ठेवून दिला. मी घरी बी नव्हते तवा.

सावित्रम्मा मात्र येईना. लाईटचा बोर्ड तिनं दुरुस्त करून घेतला, फोन आता तिच्याच घरी असतो. मी बी गेले न्हाई, कोणत्या तोंडानं जायचं. काल दुपारी तीच आली. नातीला काजळ-पावडर आणायची होती, म्हणाली दुकानापर्यंत चल. दुकानात तिनं फोन कोडवर धरला, चाळीस रुपये टाकले, दुकानदाराचं नाव मला वाचायला लावलं. मग फोन पदराखाली घेतला आणि कन्नडात मला हुकूम सोडला, की तोंड तिकडं करून उभी ऱ्हा.

मी बिस्किटांच्या बरण्यांकडं तोंड करून उभी राहिले. लई वेळ लागला, मामा. एकदा चुकलं वाटतं, कारण ती पुटपुटली. वळून बघावंसं लई वाटलं. वळले न्हाई. दुकानदार म्हणाला पोचले, तवा तिनं माझ्या खांद्याला हात लावला आणि चल म्हणाली.

तिचा नंबर आता मला ठावं न्हाई. मेहकरात आता मला कुणाचाच ठावं न्हाई.

आई-अप्पांचा तुम्हा दोघांना नमस्कार. पाडव्याला दादा येईल तवा तुम्ही दोघं बी या. आणि पत्र लिहायचं सोडू नका, पोस्टातल्या बाईंनी तुमच्यासाठी आंतरदेशीयांचा गठ्ठा मागवलाय.

तुमची,
अंजू