पियानोचं नागरिकत्व

थॉर्नली ब्रिज, यॉर्कशायर
सोमवार, २४ मार्च १९१९

तीर्थस्वरूप ॲम्ब्रोजदादास,

धाकट्या लेटीचा नमस्कार. (गुडघ्यामुळे तो अर्ध्यावरच थांबला आहे, उरलेला मनातून केला असं समज.) तुझा पाय कसा आहे? वहिनीचं कार्ड पोचलं. अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सोसत नाही हे वाचून फार वाईट वाटलं. मग खालच्या ओळीत, रोज जेवणानंतर पोर्ट वाइनचे तीन पेले चालू आहेत हे वाचलं, आणि वाईट वाटायचं थांबलं. स्कारबराची हवा संधिवाताला मानवते म्हणतात, पण ती हवा पोर्टच्या आधी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना एकदा नीट विचारून घे. इकडे सगळे खुशाल आहेत. परसातला ऱ्हुबार्ब यंदा लवकर वर आलाय, त्याचा मुरंबा सोबत पाठवते आहे.

पत्राला खास असं कारण काही नाही. पियानो बिघडलाय, एवढंच.

म्हणजे तसा तो चार वर्षं बिघडलेलाच आहे, पण परवा चर्चच्या चहापानात कहर झाला. आघाडीवरून परतलेल्या मुलांसाठी पियानो आपल्या बैठकीतून उचलून सभागृहात नेला होता. मी राष्ट्रगीत वाजवायला घेतलं. सगळे उठले, टोप्या उतरल्या, आणि दुसऱ्याच ओळीत पाद्रीबाबांचा कुत्रा रडायला लागला. (तो शहाणा कुत्रा आहे, उगाच रडत नाही.) तोफांच्या आवाजाला न डगमगलेला हॅरी बूथ खिडकीशी जाऊन उभा राहिला. मिसेस थॅकरा, म्हणजे तुझ्या 'जर्मन वस्तू हटाव मंडळा'च्या चिटणीस, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "लेटिशिया, यात जर्मनांचा हात आहे हो." मी म्हटलं, "हात नाही हो बाई, तोच तर प्रश्न आहे."

त्यांना ते कळलं नाही. तुला कळावं म्हणून थोडं मागे जाते. तू पाय वर करून बसलाच आहेस, तेव्हा ऐकायला हरकत नाही.

चौदा सालच्या ऑक्टोबरात तुझं मंडळ घरोघर फिरलं, आठवतं? हॉलिंग्जकडचं भिंतीवरचं घड्याळ गेलं, शाळेतल्या नकाशावरून आख्खा देश खरवडला गेला (त्यामुळे हॉलंडच्या शेजारी थेट रशिया आला आणि मुलं अजून तसंच सांगतात), आणि बेकरीतली जर्मन बिस्किटं त्याच कणकेची, त्याच चेरीची, एका सोमवारी सकाळी साम्राज्याची बिस्किटं झाली. तू स्वतः मोजून चार खाल्लीस आणि चव सुधारली म्हणालास. तुम्ही आपल्याकडे गुरुवारी येणार हे मला मंगळवारी कळलं. आपल्या बाबांनी घेतलेल्या पियानोच्या झाकणावर काय लिहिलंय हे तू आयुष्यात कधी वाचलं नव्हतंस, कारण लहानपणी तुला पियानोपाशी बसवलं की तू त्याच्याखाली जाऊन झोपायचास. मी मात्र रोज वाचत होते. सोनेरी अक्षरांत, वळणदार, बनवणाऱ्याचं नाव आणि खाली 'ड्रेस्डेन'.

दादा, मी बुधवारी दुपारी दार लावून घेतलं, न्हाणीघरातल्या कपडे पिळण्याच्या यंत्राची पितळी पाटी स्क्रू काढून सोडवली, व्हिनेगरनं घासली आणि पियानोवर सोनेरी अक्षरांच्या बरोब्बर वर ठोकली. 'हार्डकासल अँड सन्स, ब्रॅडफर्ड.' गुरुवारी तुम्ही सातजण आलात. तू चष्मा लावून पाटी वाचलीस, एका बोटानं एक पट्टी दाबलीस आणि म्हणालास, "ऐका! हा आवाज बघा, कसा सरळ, प्रामाणिक आहे. जर्मन पियानो असता तर गुरगुरला असता." मिसेस थॅकरांनी पाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि हे नाव आपण रोज कुठेतरी वाचतो म्हणाल्या. मी म्हटलं, वाचत असाल, नावाजलेली कंपनी आहे. (त्यांच्याकडेही तेच यंत्र आहे. त्यांची धुणेवाली दर सोमवारी त्यात चादरी पिळते.) पियानो वाचला. यंत्राला मात्र चार भोकं राहिली आहेत आणि त्यांतून अजून पाणी उडतं.

आता हा पियानो सुरात ठेवायचे ते मिस्टर रुपेल. ऑटमार रुपेल, उंच, वाकलेले, खिशात कायम लोकरीचा तुकडा आणि पेपरमिंट. बावीस वर्षं, दर मे आणि दर ऑक्टोबर, सकाळी दहाला. मी त्यांना चहा द्यायची, ते 'वाईट नाही' म्हणायचे. ही आपली यॉर्कशायरची तारीफ त्यांना इतकी अंगवळणी पडली होती की आकाशात इंद्रधनुष्य उमटलं तरी ते तेवढंच म्हणत. सोळाव्या वर्षी इकडे आलेला माणूस, दादा. पुढच्या मेमध्ये ते आले, पाटीकडे पाहिलं, दोन बोटं तिच्यावरून फिरवली आणि म्हणाले, "अभिनंदन. याला जमलं." मी विचारलं, "तुम्हीही का नाही नाव बदलत? 'रसेल' छान दिसेल." ते म्हणाले, "अर्ज केला होता हो. जर्मन माणसाला नाव बदलायला आता कायद्यानं बंदी आहे. पियानोला आहे का, ते कुणी बघितलं नसावं." दोनच वर्षांनी आपल्या राजघराण्यानंसुद्धा जर्मन आडनाव टाकून इंग्रजी घेतलं, तेव्हा मला पहिली आठवण त्यांची आली.

त्याच दिवशी, पियानो लावून होत आला असताना, हवालदार डायसन दारात. जर्मन म्हणून रुपेलना नजरकैदेच्या छावणीत न्यायचा हुकूम. डायसन बिचारा टोपी हातात फिरवत होता. सुरांची खातरजमा करायला रुपेल नेहमी राष्ट्रगीताचीच चाल वाजवत, तीही तेव्हा वाजत होती. आता हीच चाल तिकडचे लोकही त्यांच्या कैसरसाठी गातात, हे डायसनला नुकतंच कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं वही काढली. "मिस्टर रुपेल, लिहून घ्यावं लागेल. वाजवताना मनात शब्द कुठले होते? आपले की त्यांचे?" रुपेल म्हणाले, "शब्द नव्हते हो डायसन. तिसरी तार उतरली होती, ती ऐकत होतो." डायसननं ते तसंच लिहून घेतलं. मग रुपेल म्हणाले, "वरची एक पट्टी राहिलीय, दहा मिनिटं द्याल?" गाडीची वेळ झाली होती. त्यांनी हत्यारं पिशवीत भरली, पेपरमिंट झाकणावर ठेवलं आणि म्हणाले, "ऑक्टोबरात आलो की लावतो."

त्यानंतर तू मिस्टर क्लेगना पाठवलंस. ते शंभर टक्के इंग्रज आहेत याबद्दल वाद नाही, पण लढाईआधी ते सायकली दुरुस्त करायचे, आणि पियानोकडेही ते चाक वाकडं झाल्यासारखं एक डोळा मिटून बघतात. दर सहा महिन्यांनी येऊन ते तारा पिळून जातात. मी सगळं करू दिलं. ती वरची एक पट्टी तेवढी करू दिली नाही. तिथे मी मांजर बसवते.

रुपेल चार वर्षं आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत आहेत. तिथे मजा अशी की बाकीचे जर्मन त्यांना 'इंग्रज' म्हणून चिडवतात. त्यांची जर्मन भाषा गंजलीय, ते चहात दूध घालतात आणि रांग नसली तरी रांगेत उभे राहतात. आता लढाई संपली, तेव्हा अशा सगळ्यांना बोटीत घालून 'घरी' पाठवणार आहेत. त्यांची बोट पाच एप्रिलला. घर म्हणजे कुठलं, तर जिथे त्यांच्या ओळखीचं एक थडगं आहे आणि तेही आजीचं. तुझं फेब्रुवारीतलं भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. "एकही जर्मन यॉर्कशायरच्या मातीवर उरता कामा नये!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात एकत्र आणले, पण मोजे विणत होते म्हणून आवाज आला नाही. (तू सभेत अभिमानानं सांगतोस ना, की माझ्या बहिणीनं आघाडीवर मोज्यांचे शंभर जोड पाठवले? नव्वद पाठवले. दहा बेटावर गेले. तिथे वारा फार असतो.)

पण ते राहू दे. पत्र पियानोबद्दल आहे. एकवीस जूनला शांतता-उत्सव करायचं पाद्रीबाबांच्या मनात आहे, तू अध्यक्ष, राष्ट्रगीत मी वाजवणार. कुत्र्याला त्या दिवशी बांधून ठेवता येईल, हॅरी बूथला नाही. तेव्हा तूच विचार कर. वहिनीला नमस्कार, पायाला विश्रांती, पोर्टला रजा.

तुझी लाडकी (असं आई म्हणायची, तू कधी नाकारलं नाहीस) बहीण,
लेटी

ता. क. मुरंब्याच्या बरणीला गुंडाळलेला कागद फेकू नकोस. तो अर्ज आहे. ज्यांना इथेच राहायचंय त्यांच्यासाठी लंडनला एक समिती बसली आहे, पण इथल्या एखाद्या वजनदार माणसाची शिफारस लागते. (वजनाबाबत डॉक्टरांनी तुझी खात्री दिलीच आहे.) खालच्या रेघेवर सही करून शुक्रवारच्या टपालात टाक. अर्ज शनिवारनंतर पोचला तर उपयोग नाही.

ता. क. दुसरा. छावणीतून एका पत्रात चोवीसच ओळी लिहू देतात. गेल्या महिन्यात रुपेलनी बावीस ओळी पियानोला दमट हवेपासून कसं जपावं यावर लिहिल्या आणि उरलेल्या दोन ओळींत मला मागणी घातली. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं सुरांची नावं म्हणजे सांकेतिक भाषा समजून सगळी काळी केली, मागणी मात्र वाचून सोडून दिली. मी 'वाईट नाही' असं उत्तर पाठवलं आहे. दादा, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि मला तो माणूस हवा आहे. कायद्यानं जर्मनाशी लग्न करणारी बाई त्याच दिवशी जर्मन होते, तेव्हा बोट सुटली तर मीही त्यांच्यामागे जाणार, आणि तुझ्या भाषणातल्या त्या मातीवर न उरणारी दुसरी जर्मन मी असेन. त्यांना इथे थांबू दिलं, तरी लग्नानंतर मला डायसनकडे परकी म्हणून नाव नोंदवावं लागेल. (रविवारच्या शाळेत त्याचं नाक मी पुसलेलं आहे.) पाद्रीबाबांना म्हटलं, लग्नात संगीत तरी अस्सल इंग्रजी वाजवा. त्यांनी दोन दिवस शोधलं, चांगलं ते सगळं जर्मनच निघालं.

ता. क. तिसरा. सही करताना हात अडेल तुझा, मला माहीत आहे. म्हणून एक आठवण देते. चौदा सालच्या त्या गुरुवारी तू मंडळाच्या कागदावर दाखला दिला होतास: 'मी स्वतः तपासले असून हा जन्माने, आवाजाने आणि वृत्तीने पूर्ण ब्रिटिश आहे याची हमी देतो. ॲम्ब्रोज सटक्लिफ, न्यायदंडाधिकारी.' तो मी चौकटीत लावून पियानोवर ठेवलाय. येत्या शनिवारी मिसेस थॅकरा चहाला येणार आहेत, आणि पाटीचे स्क्रू अलीकडे फार सैल झालेत. एका अस्सल जर्मनाला तू आधीच इंग्रज करून घेतलं आहेस, दादा, आणि पाच वर्षांत साम्राज्याचं काही बिघडलं नाही. दुसऱ्याच्या वेळीही सही तशीच कर, शेवटच्या अक्षराला ती लांब शेपूट काढून.