बैल कितवीत शिकतो?

कबनूर,
मंगळवार

आमचे व्याही, म्हणजे आमच्या सूनबाई स्वप्नाली यांचे वडील, श्री. नेमगोंडा पाटील यांना जिनपाल चौगुलेचा सविनय जय जिनेंद्र. (आमचा पोस्टमन पत्रं वाचतो असा मला दाट संशय आहे. त्याचा गोंधळ नको म्हणून नातं सविस्तर लिहिलं.)

विहीणबाईंची कंबर आता कशी आहे? तुमच्या उसाला तोड आली का, की तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय अजून तुम्हाला बघून गाडी वळवतो? इकडं सगळे खुशाल. पत्र बघून दचकू नका, कुणाचं काही झालेलं नाही. फोन करणार होतो, पण फोनवर ऊस, पाणी आणि थंडी एवढं झालं की तुम्ही ‘ठेवू का मग, पावणं?’ म्हणता, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणारं नाही. शिवाय परगावचा माणूस तुमच्या कानावर भलतंच काही घालायच्या आत खरं काय ते माझ्याकडूनच कळावं, हेही आहे.

तर तुमची लेक ज्या सरकारी शाळेत शिकवते, त्या शाळेला यंदा कोल्हापूरच्या मोठ्या संमेलनात नाच बसवायला बोलावणं आलं. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी शाळांचं हे वर्षातून एकदा होणारं संमेलन. आजऱ्यापासून आमच्या कबनूरपर्यंतची शेकडो पोरं एकाच थेटरात गोळा होतात. नाच, नाटुकली, लेझीम, पोवाडे, सगळं एका दिवसात उरकतात, त्याचीच स्पर्धा असते, आणि प्रत्येक शाळेतल्या बाईंना वाटतं की आपल्याच पोरांना वेळ कमी मिळाला. स्वप्नालीनं बेंदराचा, आपल्या बैलांच्या सणाचा, नाच बसवला. पेरणी, पाऊस, मग बैल सजवून मिरवणूक. बैल म्हणजे बांबूचा सांगाडा, कागदाच्या लगद्याचं डोकं आणि आत दोन माणसं. अंगावरचं कापड आमच्या मागावरचं. (दिवाळीपासून निम्मे माग बंद आहेत. मी दिवसभर दारात बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ओळखत होतो, तेव्हा बैलाला का होईना, पण कापड लागतंय याचा मला आनंदच झाला.)

आमच्या शाळेतल्या बहुतेक पोरांचे आईबाप मागावर. पाळी सोडली तर हजेरी बुडते, म्हणून पालकसभेला बाई आणि भिंती एवढेच हजर असतात. यंदा मात्र स्वप्नाली घरोघर फिरली, आणि पालकांनी आपापसांत पाळ्या बदलून टेम्पो ठरवला. आपली पोरं स्टेजवर बघायला ही माणसं पहिल्यांदा निघाली होती. आणि नेमकं तिथंच बिनसलं. संमेलन चार दिवसांवर असताना बैलातली दोन्ही पोरं अडून बसली. मी त्या वेळी कापडाचा उरलेला तागा द्यायला शाळेत गेलो होतो, म्हणून हे माझ्यासमोरच घडलं. त्यातला आदर्श नावाचा पोरगा म्हणाला, “बाई, माझी आई पाळी सोडून येणार हाय. मी बैलाच्या पोटात असलो तर ती कुणाला बघणार?”

पाहुणं, याला उत्तर आहे का तुमच्याकडं? दुसऱ्या पोरांना विचारलं, तर सगळ्यांच्याच आया येणार होत्या. स्वप्नाली खडूची पेटी उघडून त्यात बघत राहिली. (ती रडकुंडीला आली की कुठलीतरी पेटी उघडते, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडं ती मिसळणाचा डबा उघडते.) मग हेडमास्तर गणपतराव उठले. सहा फूट उंच, यंदा मेमध्ये रिटायर होणार, शिस्तीचे असे की पोरं त्यांची सावली ओलांडत नाहीत. ते म्हणाले, “पुढचे पाय मी होतो. माझी आई काही बघायला येणार नाही.” मग सगळ्या खोलीनं माझ्याकडं बघितलं. स्वप्नाली हळूच म्हणाली, “मामा, तुम्हाला वाकता येतं का?”

जिनपाल चौगुले आजवर कुणापुढं वाकला नाही असं मी चारचौघांत नेहमी सांगत आलोय. पण सुनेनं आपण होऊन काही मागायची ही पहिलीच वेळ. वाकलो.

बैलाच्या मागच्या भागात काय असतं ते तुम्हाला कल्पनेनं कळणार नाही. अंधार, खळीचा वास आणि समोर गणपतरावांचा पट्टा. दिसत काही नाही. पण शेपटीची दोरी मात्र माझ्या हातात होती, आणि शेपटी हलवण्यात मी इतकी प्रगती केली की शेवटच्या तालमीला एका पहिलीतल्या पोरानं बैलाला खरंच चारा आणला. आमच्या हिनं, म्हणजे पद्मावतीनं, संमेलनाच्या दिवशी दिवस मावळायच्या आत जेवायला हवं म्हणून टेम्पोतच मला चार पोळ्या चारल्या. हा निर्णय चुकला.

बैलाचा कासरा वर्षाराणी नावाच्या चौथीतल्या पोरीच्या हातात होता. तिला एकही वाक्य दिलेलं नव्हतं आणि त्याला कारण होतं. तिचे आईबाप दोघंही मागावर, घर खडखडणाऱ्या मागांच्या कारखान्याला चिकटून, त्यामुळं त्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागतात. पोरगीही तशीच बोलते. वर्गात ‘हजर’ म्हणाली की शेजारच्या वर्गातली दोन पोरं उभी राहतात. वर्षभर सगळे तिला ‘हळू बोल, हळू बोल’ म्हणत आले होते. स्वप्नालीनं तिला बजावलं होतं, तू नुसतं हसायचं.

आमचा नंबर लागला. पेरणी झाली, पाऊस झाला, टाळ्या बऱ्या पडल्या. मग बैल निघाला. आम्ही स्टेजच्या मधोमध आलो असू नसू, तोच गणपतराव आतल्या आत म्हणाले, “जिनपालराव, गोळा आला.”

“कुठं?”

“पोटरीत. दाबा जरा.”

मी अंधारात चाचपून दाबलं. ते म्हणाले, ही नव्हे, दुसरी. मी दुसरी धरली तेव्हा माझा तोल गेला, आणि बैल सावकाश, मोठ्या घरंदाजपणानं, खाली बसला. गाणं चालूच. पोरं नाचायची थांबली. थेटरात कुजबूज सुरू झाली, आणि मला, पाहुणं, खरं सांगतो, घाम फुटला तो उकाड्यानं नव्हे. टेम्पो करून आलेली ती सगळी माणसं, पडद्याआड उभी असलेली आमची सून, आणि तिच्या नाचावर आम्ही दोन म्हातारे फतकल मारून बसलेलो. गणपतराव पुटपुटले, “उठता येत नाही हो.”

आणि तेवढ्यात कानठळ्या बसल्या.

“उठ की रं सर्ज्या! सकाळधरनं पोळ्या हाणल्यास न्हवं? आता बसतोस व्हय?”

माईक नव्हता तिच्याजवळ. गरजच काय? ती वरच्या गॅलरीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेली. थेटर एकदम खळखळून हसलं. (पोळ्यांचं तिला कसं कळलं हे मला अजून कळलेलं नाही.) पोरगीला चेव आला. “उठतोस का सांगू हेडमास्तरांस्नी?” आत हेडमास्तरांनी घाबरून मान हलवली, म्हणजे बैलानं हलवली. “बघा, मान हालवतोय! ह्येला शाळंत घाला, न्हायतर जलमभर असाच बसंल!”

हसण्याच्या त्या गदारोळात मागच्या रांगेतून एक बाईमाणूस ओरडलं, अगदी तसाच आवाज, तीच पट्टी: “बाय माझी! आणि जोरात!” ती तिची आई. मला काही दिसत नव्हतं, पण अख्खं थेटर ओलांडून मायलेकींचे ते दोन आवाज एकमेकांना भेटले ते मी बैलाच्या पोटात बसून ऐकलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून शेपटी हलवली. मग वर्षाराणीनं पोरांना हाक दिली, सगळ्यांनी आमच्याखाली खांदे घातले आणि बैल उचलून, वाजत गाजत आत नेला. लोक उभे राहून शिट्ट्या मारत होते.

आत नेल्यावर परीक्षकांपैकी एक साहेब आले. गणपतराव डोकं काढून पोटरी चोळत होते, मी मागून अर्धा बाहेर. साहेबांनी आधी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, मग माझ्या टकलाकडं. म्हणाले, “बाई, रंगमंचावर फक्त विद्यार्थी चालतात. हा बैल कितवीत शिकतो?” वर्षाराणीनंच सांगितलं, तिच्या नेहमीच्या आवाजात, “पुढचं आमचं हेडमास्तर हायत आणि मागचं बाईंचं सासरं!” बाहेर थेटरात पुन्हा हशा.

आमचा नाच स्पर्धेतून बाद झाला. येताना टेम्पोत स्वप्नालीनं कुठलीही पेटी उघडली नाही हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरताना वर्षाराणीची आई दारात आली. जन्मात पहिल्यांदा शाळेत आलेली. तिला हळू विचारायचं होतं, पण जमलं नाही, त्यामुळं सगळ्या शाळेनं ऐकलं: “बाई, पोरगी बोलती ती चुकीचं न्हाय न्हवं?” स्वप्नाली म्हणाली, “नाही वहिनी, चूक आमचीच होती. आम्हीच तिला बारकं स्टेज देत होतो.” त्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी सूचना वर्षाराणी देते. घंटा वाजवावी लागत नाही. आणि काल संयोजकांचा निरोप आला की येत्या रविवारी बक्षीससमारंभात तुमचा नाच पुन्हा हवा, स्पर्धेबाहेर, आहे त्या बैलासकट. ते ऐकून तुमची लेक लग्नानंतर प्रथमच माझ्यासमोर खदाखदा हसली. तुमच्या घरात ती अशीच हसायची का हो? आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

असो. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि चिटबॉयला जे योग्य ते.

आपला,
जिनपाल

ता. क. गणपतरावांना डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं बंद केलंय. तेव्हा पुढचे पाय रिकामे आहेत. तुमची उंची बरोबर बसते (लग्नातल्या फोटोवर मी पट्टी लावून बघितली). शनिवारच्या एसटीनं या. आहेर आणू नका, जुनी पँट आणा.

ता. क. २. मुलीकडच्यांना मागं ठेवलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून पुढचे पाय तुम्हाला देतोय, हे घरी मुद्दाम सांगा. शेपटी मात्र मी कुणाला देणार नाही.

ता. क. ३. पद्मावती म्हणते, सगळं खरं लिहा. तर बैल गाजल्यापासून शाळेतली निम्मी पोरं आता बैलात शिरायला तयार आहेत, आदर्श तर रोज विचारतो. मी स्वप्नालीला सांगितलंय की दोन्ही जागा भरल्या आहेत. पोरांना काय, पुढच्या वर्षीही बैल होता येईल. आपल्याला कोण बोलावतंय? तेव्हा उशीर करू नका.