चावी हातात, इंजिन चालू

५ ऑक्टोबर, रविवार. विटा

एक नारळ, एक हार, दोन कप चहा आणि एक इंजिन. मेढ्याकडच्या देवदर्शनाचा खरा खर्च एवढा. नारळ देवाला पोचला. इंजिन कुणी खाल्लं ते कळायचंय.

दुपारी पोरीचा, स्वातीचा फोन. दसऱ्याला दोघं इकडं होती, लग्नानंतरचा पहिला दसरा. सासरी मेढ्याला परतताना मीच म्हटलं, एसटीनं कशाला, माझी गाडी न्या, दिवाळसणाला याल तेव्हा आणा. जावई अजितराव फौजेत, दिवाळीपर्यंत सुट्टीवर. आज केळघरच्या घाटात गाडीनं एकाएकी पांढरा धूर सोडला. पुढचा रस्ता दिसेना एवढा. अजितरावांनी बाजूला घेऊन चावी काढली, तर इंजिन बंद होईना. उलट चढत्या आवाजात बोंबलायला लागलं. शेवटी वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला, तेव्हा गचका खाऊन गप्प झालं. ते कायमचंच.

माणसं सुखरूप. बाकी काय ते होईल.

पण चावी काढल्यावर इंजिन चालतं? कोइमतूरला तीस वर्षं गलाईची भट्टी चालवली, सोनं-चांदी आटवली. पंखा बंद केला की भट्टी बसते. हिला म्हटलं, पोरगी शिकवलेलं बोलतीय.

६ ऑक्टो., सोम.

सकाळी अजितरावांचा फोन. थेट मुद्द्यावर. "मामा, गाडी माझ्या हातात गेली. मीच करून देणार."

म्हटलं, आवं पाव्हणं, लोखंड ते लोखंड, तुमी दोघं धड हाय एवढं बास.

ऐकेनात. म्हणाले, "गाडी धडधाकट तुमच्या दारात उभी केल्याबिगर मी दिवाळसणाची पायरी चढणार न्हाई."

झालं. पहिला दिवाळसण. हिनं करंज्यांचा रवा दळून आणलाय, जावयाच्या कपड्यांचं माप शिंप्याकडं गेलंय. पाव्हण्यांच्या तोंडून एकदा शब्द गेला की तो मागं घ्यायला दुसऱ्या कुणीतरी वाट करून द्यावी लागते. ती वाट मला दिसेना.

बोलताना मधेच घुटमळत होते. काहीतरी दाबून ठेवलंय, नक्की. माणूस काय लपवतोय ते मला आवाजात कळतं. दुकानात सोनं विकायला येणाऱ्यांचे आवाज आयुष्यभर ऐकले. बायकोचं चोरून आणलंय, वाटणीत हडपलंय, का खरोखर नड आहे, हे पुडी उघडायच्या आधी सांगायचो. कधी चुकलो नाही. पोलीससुद्धा म्हणायचे, सेठ, जरा ऐकून सांगा.

७ ऑक्टो., मंगळ.

गाडी ओढून कराडजवळच्या मलकापूरला आणली. हायवेला सिकंदर मिस्त्रीचं गॅरेज. माझा जुना मैतर, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आज मात्र आल्या आल्या बॉनेटमध्ये डोकं घातलं. मग टर्बो काढून माझ्या हातात दिला. मुठीएवढं प्रकरण, आत दोन इवलीशी पाती. दांडा हालवला तर दातासारखा खुळखुळला.

सिकंदर म्हणाला, म्हणजे भट्टी फुंकायचा भाताच की अण्णा तुमचा. धुराच्या जोरावर एक पातं फिरतं, दुसरं हवा आत कोंबतं. नुसत्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतंय. पापुद्रा गेला की दांडा घासला, दांडा घासला की ऑइल गळून हवेच्या वाटेनं इंजिनात.

"मग इंजिनला डिझेल कशाला पायजे? आपलंच ऑइल पिऊन पळत सुटतंय. चावी काढा न्हाईतर खिशात घालून गावाला जावा."

म्हणजे स्वाती खरं बोलत होती. अजितरावांनी क्लच सोडून बंद केली तेही बरोबर केलं, नाहीतर आग लागली असती, म्हणाला.

येताना एसटीत विचार. खरं होतं ते मला खोटं वाटलं. असू दे. पोरीचा आवाज घाबरलेला होता, घाबरलेला आवाज खोट्यासारखाच लागतो.

९ ऑक्टो., गुरु.

सिकंदरचा फोन. कोल्हापूरहून एक लॅपटॉपवाला बोलावला होता. तो म्हणतो, गाडीच्या कॉम्प्युटरमधला कंपनीचा प्रोग्राम बदललाय. बाहेरून मॅपिंग केलंय. डिझेल जास्त, टर्बोचा दाब जास्त, ओढ जास्त. कंपनीनं ठेवलेलं राखीव सगळं वापरून टाकायचं. पळते झकास. फक्त ऑइल उंची लागतं, आणि लवकर लवकर बदलावं लागतं.

"कुणी केलं हे, अण्णा?"

मी तर नाही. गाडी पुण्याच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून गेल्या साली घेतली, तेव्हापासून ती माझ्या नाहीतर अजितरावांच्या हातात. ते फौजेत गाड्यांच्याच विभागात. वय तिशीच्या आत. मेमध्ये लग्न झाल्यावर आठवडाभर गाडी त्यांच्याकडंच होती. आणखी काय पाहिजे?

हिला सांगितलं. तमिळमध्ये. नाजूक गोष्ट असली की आम्ही अजून तमिळमध्ये बोलतो, घरात कुणी नसलं तरी.

ही म्हणाली, विचारा की सरळ.

जावयाला सरळ विचारायचं कसं? माझ्या गाडीत काय केलंत, असं विचारणं म्हणजे चोर म्हणणं. नाही म्हणाले तर मी खोटं पाडल्यासारखं, हो म्हणाले तर त्यांची मान खाली. आणि पोरीला तिथंच नांदायचंय. ही म्हणाली, मग नका विचारू. दोन्ही वेळेला तिचं बरोबर.

११ ऑक्टो., शनि.

मलकापूरला गेलो. सिकंदरचं मत बदललंय. मॅपिंग राहिलं बाजूला, आता म्हणतो ऑइल. कुठलं घालत होता?

अभिमानानं सांगितलं. कराडच्या व्यापाऱ्याकडून अख्खा ड्रम उचलतो. ट्रॅक्टरला तेच, जनरेटरला तेच, गाडीला तेच. आणि तारखेच्या आधी बदलतो. हयगय नाही.

सिकंदरनं हात पुसले. "अण्णा, म्हशीचा भरडा तान्ह्या पोराला चारला तुमी. तोबी येळच्या येळी."

ड्रममधलं ऑइल वाईट नाही, पण जाड. केसासारख्या नळीतून टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर तो कोरडाच फिरतो. कंपनीच्या पुस्तकात पातळ, उंची ऑइल लिहिलंय म्हणे. पुस्तक डॅशबोर्डाच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये. प्लास्टिक मी फाडलेलं नाही.

मग त्याला आणखी एक आठवलं. घाट चढून वर आल्या आल्या बंद करता का?

म्हटलं, तत्क्षणी. डिझेल फुकट येतं का?

तर ते पण नाही करायचं. टर्बो तेव्हा लालबुंद असतो. इंजिन बंद, की ऑइल बंद, आतलं ऑइल जागीच जळून कोळसा. मिनिटभर नुसती चालू ठेवायची.

हे मात्र लागलं. सोनं आटवायची तापलेली मूस मी कधी गार फरशीवर ठेवली नाही. तडकते. नव्या पोरांना पहिला धडा तोच द्यायचो, मूस हळूहळू निवू दे. आणि यवतेश्वरच्या घाटात वर पोचलो की टक्कन चावी.

पण मग मेली कशानं? मॅपिंगनं, ऑइलनं, का चावीनं? सिकंदर म्हणाला, तिन्हीनं. चहा झाल्यावर म्हणाला, एकट्या मॅपिंगनंबी जाती. निघताना म्हणाला, काही गाड्या ह्यातलं सगळं करून लाखभर पळतात.

तीन मतं घेऊन गेलो नव्हतो, घेऊन आलो.

१२ ऑक्टो., रवि.

व्याह्यांचा फोन. गोड माणूस, पण गोडात लवंग असते. भात कसा आहे, पाऊस कधी थांबला, सगळं झाल्यावर म्हणाले, आमच्या अजितनं बर्फात ट्रक चालवले, कवा बंद पडला न्हाई, तुमची गाडी घाटातच कशी हो बसली?

मी म्हटलं, यंत्र हाय, बसायचंच.

व्हय व्हय, म्हणाले, यंत्रच की.

मग स्वातीला दिला. ती हळू आवाजात. घरात सगळे अजितरावांकडं बघतात, सासऱ्याची गाडी जाळली म्हणून भावकीत हसतात. त्यांना जेवण जाईना. मी म्हटलं, तू तरी ये दिवाळीला.

"एकटी कशी येऊ, अण्णा? पहिला सण हाय. गल्लीतली बाय न् बाय विचारंल, पाव्हणं कुठं हायत."

पहिला सण एकदाच असतो. ड्रमभर सोनं घातलं तरी दुसऱ्यांदा येत नाही.

दुपारी झोप नाही. पोरानं हौसेनं मॅपिंग केलं असेल, वय आहे. पण मग निदान सांगावं. उलट मोठेपणा, मी करून देणार. चोराच्या मनात चांदणं. असं लिहितोय आणि लिहितानाच वाईट वाटतंय. आवडतो मला तो. पाया पडताना खरोखर वाकतो.

१४ ऑक्टो., मंगळ.

माझ्यापुरती खात्री करावी म्हणून पुण्याच्या त्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तुमच्या वेळी तर काही नव्हतं ना, एवढंच वदवून घ्यायचं होतं.

तो खुशीत. "अहो, मीच केलेलं ते. तुम्हाला सांगितलं होतं की काका. ऑइलचं पण सांगितलं होतं."

कधी?

"गाडी बघायला आलात तेव्हा. तुम्ही म्हणालात, कळतंय हो, आवाजावरूनच कळलं."

म्हणालो होतो. शब्द माझेच. तो मॅपिंग, स्टेज, काय काय बोलत होता, मला ओ की ठो कळत नव्हतं. पण सौद्यात न कळणं दाखवायचं नाही, समोरचा भाव चढवतो. म्हणून मान डोलावत राहिलो. वर भाव पाडला, तेव्हा मिशीत हसलोही होतो.

हिला मराठीतच सांगितलं. ती भाजणी परतत होती, हात थांबला नाही. म्हणाली, म्हणजे जावयानं काही केलं नाही.

नाही.

मग आता?

आता काय.

१५ ऑक्टो., बुध.

अजितरावांना फोन केला. सांगायचंच, असं ठरवून.

मेढ्यात थंडी पडली का, विचारलं. रजा वाढेल का, विचारलं. ते म्हणाले, मामा, गाडीचं बघतोय. मी म्हटलं, व्हय. ते थोडं थांबले, मीही थांबलो. मग त्यांनी हिच्या गुडघ्याची चौकशी केली. ठेवला.

सांगणार तरी काय? तुमच्यावर संशय घेतला, माफ करा? त्यांना कुठं माहीत आहे मी संशय घेतला ते? न केलेल्या आरोपाची माफी कशी मागायची? आणि आरोप सांगितल्याशिवाय माफी कळणार नाही. सोन्यात तांबं मिसळलं तर तेजाबानं सुटतं. ह्याला कुठलं तेजाब लावू.

सिकंदरला फोन केला, काम सुरू कर, बिल मला दे. तो म्हणाला, "पाव्हण्यांनी बजावलंय, मामांकडनं रुपाया घ्यायचा न्हाई. तुमी सासरा-जावई आदी ठरवा. माझं इंजिन टेबलावर उघडं पडलंय." शिवाय सुटे भाग पुण्याहून यायचे, दिवाळीच्या आधी आशा नाही.

म्हणजे गाडी दारात उभी राहत नाही. आणि गाडी उभी नाही, तर ते पायरी चढत नाहीत.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस

ही शेजारच्यांच्या गाईला ओवाळायला गेली. घरात कुणी नाही असं बघून स्वातीला फोन केला आणि सगळं ओकलो. ड्रम, घाटातली चावी, पुण्याचा माणूस. आणि अजितरावांवर मनात काय घेतलं होतं, तेही. म्हटलं, पोरी, तूच सांग त्यांना, माझी जीभ वळत नाही. गाडी मीच मारली, त्यांचा काही दोष नाही, चालत या म्हणावं, बैलगाडीनं या, पण या.

मला वाटलं फोन कटला. मग लक्षात आलं, हसू दाबतीय. तोंडाला पदर लावला असेल.

म्हणाली, "अण्णा, मॅपिंगचं ह्यांना म्हाईत हाय. ह्यांना वाटलं, तुमीच करून घेतलंय."

मी?

"व्हय. मला म्हणाले, मामांना ह्या वयात हौस हाय, आपन कशाला विचारायचं. बोलू नगंस त्यांच्याजवळ, लाजतील."

घाटातल्या दिवसापासून सहाला, पंधराला, दोनदा ते फोनवर थांबले होते. ते मला वाचवत होते, आणि मी त्यांना पकडत होतो.

विचारलं, मग येणार का दिवाळीला?

म्हणाली, त्यांना विचारून सांगते.

ही परत आली, काय म्हणाली स्वाती, विचारतीय. अजून सांगितलं नाही. करंज्या करू का नको, तेही विचारतीय. म्हटलं, कर.

फोन ठेवताना स्वातीनं आणखी एक सांगितलं. मेमध्ये गाडी पहिल्यांदा अजितरावांच्या हातात गेली. त्यांना त्याच दिवशी, विट्याची वेस ओलांडायच्या आत, नुसत्या आवाजावरून कळलं होतं.