न्यूकॅसल, हवेतून सव्वा तास

६ मे, मंगळवार
आत्या झाले!! पुष्करचा न्यूकॅसलहून फोन. "ताई, मुलगी! दोघी मस्त." मी एक्स-रे रूममध्ये. समोरच्या आजींना सांगितलं, तर त्यांनीच मिठी मारली — मोडक्या मनगटासकट.

७ मे
आईचा पुण्याहून हुकूम. बारसं शनिवारी, सतराला. मुहूर्त बारा एकेचाळीस, मिनिटभरही इकडेतिकडे नाही. "नाव आत्यानंच कानात सांगायचं. या वेळी तरी जा गं."
'या वेळी तरी' झोंबलं. पण खरंच आहे. धाकट्या भावानं घर घेऊन दोन वर्षं झाली, मी उंबरा पाहिला नाही. वास्तुशांत — शिफ्ट. दिवाळी — शिफ्ट. स्वरालीचं डोहाळजेवण — सर्दी. तीही खोटी! आणि वर म्हणायचं, साउथहॅम्प्टनहून फार लांब पडतं.

८ मे
किती लांब ते आज नेटवर बघितलं. विमानतळ ते विमानतळ साडेचारशे किलोमीटर. सव्वा तास. लंडनला, वेम्बलीत मेथी आणायला दोन तास जाते, तेव्हा नाही लांब वाटत! लाज वाटली. सतराचं, सकाळी ९.४०चं तिकीट काढलं.

१२ मे
पुष्करनं पाठवलेली नावाची चिठ्ठी पोस्टानं आली. आईलासुद्धा सांगायचं नाही म्हणे. इथेही लिहिणार नाही. भिंतीला कान असतात, वहीलाही असतील.

१७ मे, विमानतळ
१०.०५. न्यूकॅसलला धुकं. बोर्डवर 'डिलेड'.
१०.४०. अजून डिलेड. पुष्करला फोन केला. मागून स्वरालीचा आवाज — "अरे, पण मुहूर्ताचं काय? आईंना काय सांगायचं?" मी म्हटलं, "थांबू नका. तुमच्या शेजारच्या सीमाला सांगू दे नाव." मोठ्या दिमाखात म्हटलं आणि टॉयलेटमध्ये जाऊन रडले. दोन वर्षं खोटी कारणं दिली. आज पहिलं खरं कारण, आणि त्यावर कोण विश्वास ठेवणार!

त्याच दिवशी, संध्याकाळी, पुष्करकडे
बारा एकेचाळीसला न्यूकॅसलला उतरलेल्या विमानातच होते. बॅग पोटाशी धरून, दार उघडायची वाट बघत. गेला मुहूर्त. मेट्रो, मग चढावर धावाधाव. दीड वाजता बेल वाजवली.
फुलांनी सजवलेल्या बास्केटमध्ये बाळ गाढ झोपलेलं. वीस पाहुणे उपाशी. पुष्कर दारातच — "आत्या आल्याशिवाय नाव नाही, सांगून टाकलं सगळ्यांना. मुहूर्त गेला तर गेला. ये आत!"
एवढासा कान. मी वाकले, कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. स्वराली आणि सीमानं पाठीत असे धपाटे घातले की दोन वर्षांची बाकी फिटली. रेवा! आता लिहायला हरकत नाही. रेवा, रेवा, रेवा!
एक नवलच. मुहूर्तावरून घर डोक्यावर घेणारी आई व्हिडिओ कॉलवर नुसती गालात हसत होती.

१८ मे
सकाळीच आईला फोन लावून माफी मागितली, मुहूर्त माझ्यामुळे चुकला म्हणून.
"अगं वेडे, बाराव्या दिवशी बारशाला मुहूर्त बघावा लागतच नाही. तू या वेळी तरी जावीस म्हणून काढला होता तो."