फोनमधले प्राणी

तेहरान, मंगळवार

बाबाजान, तुमचे हात मनानंच डोळ्यांना लावून लिहितोय.

आम्ही मजेत आहोत. तुम्ही पाठवलेलं डाळिंबाचं सरबत तुमच्या नातीनं, सूदाबेनं, एकटीनंच संपवलं. तुमचे गुडघे कसे आहेत?

आई गेल्यावर दाराबाहेर न पडणारे तुम्ही, फोनमधल्या खेळात जागोजागी लपलेले प्राणी पकडायला रोज शिराजच्या बागेत जाता, अनोळखी पोरापोरींशी हसता, हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं!

आज इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्या आमच्या कचेरीत त्याच खेळावर बंदी ठरली. कागदावर कारण लष्करी तळांच्या सुरक्षेचं, खेळणारे फोन घेऊन कुठंही शिरतात म्हणून. साहेब मात्र म्हणाले, "अहो, मुलंमुली बागेत एकत्र खिदळतात, ते कोण निस्तरणार?" सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

बागेत जायचं सोडू नका. आणि उद्या प्राणी दिसले नाहीत, तर फोन दुकानात नेऊ नका, बाबाजान. तो मीच बिघडवलाय.

तुमचा,
फरीबुर्ज